पटावर ठेवलेला तळहात

मी आयुष्यात बुद्धिबळाचे हजारभर डाव तरी खेळलो असेन, आणि त्यातले निम्मे हरलो. हरलेल्यांपैकी एकही आठवत नाही. जिंकलेल्यांपैकी एकच आठवतो, आणि तो विसरण्यासाठी मी काय काय केलं ते सांगितलं तर लोक हसतील. पत्ते खेळलो. भजनात बसलो. माझा आवाज ऐकून भजनवाल्यांनीच मला हात जोडले. डाव काही डोक्यातून गेला नाही.

मी नंदुरबारला मामलेदार कचेरीत कारकून होतो. आमचा क्लब म्हणजे एका मारवाडी कापडदुकानदाराच्या माडीवरची खोली. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की तिथे आठ-दहा जण जमायचे. दुकानदार शेठजी स्वतः बेताचंच खेळत. पण पट त्यांचा, सतरंजी त्यांची आणि चहाही त्यांचाच, म्हणून त्यांच्या खेळाला कोणी नावं ठेवत नसे. एक वकील होते, त्यांना आम्ही अध्यक्ष म्हणायचो, कारण क्लबात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ते बसायचे. बाकी मास्तर, पोस्टातला एक जण, असे सगळे लिहिणारे-वाचणारे लोक. आणि त्यांच्यात एक मापाडी.

हा माणूस आमच्यात कसा आला, तर खेळाच्या जोरावर. बाजारात मिरची आणि भुईमूग तोलायचं त्याचं काम. मिरचीच्या दिवसांत त्या बाजारातून नुसतं चालत गेलं तरी नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, आणि हा गडी सकाळपासून काट्याशी उभा असायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, अशी आपल्याकडची रीत. काटा स्थिर झाला की तो 'लाऽऽभ' अशी आरोळी द्यायचा. त्याने आकडा पुकारला की शेतकरी मान डोलवायचा आणि व्यापारीही डोलवायचा. दोघांपैकी कोणी वाकून काटा बघत नसे. एवढा त्याचा शब्द. त्या शब्दावरच त्याचं पोट होतं, दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. बायको कधीच वारली होती. एक मुलगी, तिचं लग्न शहाद्याजवळ लोणखेड्याला एका शेतकऱ्याच्या घरी ठरलं होतं. मी सांगतो त्या रविवारी ते लग्न पंचवीस दिवसांवर होतं.

बाजारात सगळे त्यांना आबा म्हणत. मीही तोंडावर आबाच म्हणायचो, अहोजाहो करायचो. पण मनात मात्र 'तो'च होता. आता इथून पुढे 'ते' लिहितो. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय.

आमच्या क्लबात एक रिवाज होता, आणि तो त्यांच्यामुळेच पडला होता. मोहऱ्याला हात लागला की तेच मोहरं चालायचं, हा नियम सगळीकडे असतो. पण हात लागला की नाही यावरून भांडण झालं तर काय? आमच्याकडे असं होतं की ज्याच्यावर संशय त्याने तळहात पटावर उपडा ठेवायचा आणि म्हणायचं, लागला किंवा नाही लागला. तो म्हणेल ते खरं. त्याच्यापुढे शब्द काढायचा नाही. मास्तरांनी एकदा दात-ओठ खात 'लागला' म्हणून वजीर घालवला होता. वकीलसाहेब तर म्हणायचे, कोर्टात असा कायदा असता तर माझी बायकामुलं उपाशी मेली असती.

त्या वर्षी धुळ्याच्या क्लबाने आमच्यातला एक खेळाडू बोलावला होता. कोण जाणार ते ठरवायला आम्ही आपसात सामने लावले, आणि शेवटी उरलो आबा आणि मी. खरं सांगायचं तर सात वर्षांत मी त्यांना दोनदाच हरवलं होतं, आणि त्यातल्या एकदा त्यांना ताप होता. मला याचा राग यायचा. लपवून काय करू? मी सरकारी माणूस, माझ्या हातच्या कागदावर साहेब सही करायचे, आणि मिरची तोलणारा माणूस मला दर रविवारी सगळ्यांसमोर पाणी पाजायचा. वर बोलायचे गोड. "भाऊसाहेब, आज तुमना घोडा आजारी व्हता," असं अहिराणीत म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचो. घरी गेल्यावर बायकोवर ओरडायचो.

त्या रविवारी मात्र मी बरा खेळलो. इतका बरा मी ना आधी खेळलो होतो ना नंतर. तासाभरात त्यांचा राजा पाठीमागच्या ओळीत अडकला होता आणि एक हत्ती तेवढा त्याची राखण करत होता. त्या हत्तीला जिथे जिथे जाता येत होतं, तिथे तिथे गेल्यावर पुढे मात होती. मी सगळी घरं दोनदा तपासली होती. पण तो हत्ती त्यांनी हलवायलाच नको होता. शेजारचा उंट काढून ते माझा घोडा मारू शकत होते, आणि मग हरणारा मी होतो. त्यांना ते दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो, जणू मला कशाची फिकीरच नाही.

त्यांना दिसलं. त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि उंट उचलताना करंगळीची कड हत्तीला लागली. नुसती लागली नाही, हत्ती चांगला अर्धा वळला. उंट उचलून त्यांनी माझा घोडा मारला आणि मिशीवरून हात फिरवला.

"हत्ती," मी म्हणालो.

"काय हत्ती?"

"हात लागला, आबा. हत्ती चाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, आणि शांतपणे तळहात पटाच्या कडेवर उपडा ठेवला. "नई लागना," ते म्हणाले.

इथे संपायला हवं होतं. रिवाज तसाच होता. पण मी हत्ती वळलेला पाहिला होता. धुळं माझ्या हातातून चाललं होतं, आणि सात वर्षांचं सगळं माझ्या घशाशी आलं. "खोटं," मी म्हणालो. "साफ खोटं बोलताय तुम्ही."

हा शब्द त्या माडीवर आजवर कोणी काढलाच नव्हता. मला वाटलं आता अध्यक्ष मलाच हाकलतील. पण शेठजी खाली मान घालून पुटपुटले, "लागा तो था, आबा." मग मास्तरही म्हणाले, लागला. वकीलसाहेब खुर्चीतून उठून पटाशी आले. त्यांनीही पाहिलं होतं. मला असा जोर चढला म्हणता.

आबांचा चेहरा लाल झाला. ते रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. "वीस वरीस मी काटा धरस," ते म्हणाले, "आन् आज तुम्ही माले खोटा म्हणतस? देखा. हात आसा व्हता." त्यांनी मारलेला घोडा आणि उंट परत जागेवर ठेवला, आणि हात कसा नेला होता ते आम्हाला करून दाखवू लागले. नजर पटावर नव्हती, आमच्या तोंडांवर होती, एकेकाकडे बघत होते. हात तसाच पुढे आला. करंगळी पुन्हा हत्तीला लागली. या वेळी हत्ती आडवा पडला आणि गडगडत सतरंजीवर गेला. आणि आबा आम्हाला विचारत होते, "आता सांगा, कोठे लागी ऱ्हायना?"

मास्तर हसले. मग सगळेच हसले. मीही हसलो, आणि बहुतेक सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. एवढा निगरगट्टपणा कोणी पाहिला नव्हता.

आबांनी खाली पाहिलं. हत्ती सतरंजीवर पडलेला. त्यांना काही कळेना. मग त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची करंगळी धरली, दाबली, नख रुतवलं. पुन्हा रुतवलं. मी समोर होतो, दीड हातावर. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

कारण तेव्हा मलाही कळलं. दोन वर्षांपूर्वी साहेबांबरोबर अक्कलकुव्याकडे दौऱ्यावर गेलो होतो. तिथे खापर गावच्या बाजारात एक माणूस चुलीतला निखारा बोटांनी उचलून चिलमीवर ठेवत होता, अगदी सावकाश. मी कौतुक केलं, तर बरोबरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे कौतुकाचं नव्हे, महारोगाची ही सुरुवात असते, आधी बोटं बधिर होतात. आणि महिन्यापूर्वीच आबांनी आम्हाला हात पुढे करून दाखवला होता. म्हणाले, इतकी वर्षं मिरची तोलली, आता हाताला आगच होत नाही. आम्ही वाहवा केली होती.

काय काय आलं असेल त्यांच्या मनात, मला सगळं सांगता येणार नाही. पण एवढं नक्की की त्या माडीवर दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. हात लागला तो मला कळलाच नाही असं खरं सांगितलं, तर शब्द राहत होता, पण मग का कळला नाही ते सगळ्यांना कळत होतं. लोणखेड्याचं लग्न संध्याकाळच्या आत मोडलं असतं. महारोग्याच्या मुलीला पुढे कोण विचारणार?

त्यांनी पुन्हा तळहात पटावर ठेवला. "लागना व्हता," ते म्हणाले. "मी खोटं बोलनू."

मग हत्ती उचलून एक घर पुढे सरकवला. मी वजिराने मात केली. मला ती करायलाच हवी होती का? उठून जाता आलं असतं. पण माझा हात आपोआप गेला, आणि वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कचेरीत आले. अर्ज लिहून घ्यायला आल्यासारखे लिंबाखाली उभे राहिले. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. मी बाहेर गेलो. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, तुमले समजनं ना?"

मी हो म्हणालो. माफी मागायला लागलो तर त्यांनी थांबवलं.

"माफी नको. माले खोटाच ऱ्हाऊ द्या. मन्ही आंडेरनं लगीन व्हई जाऊ द्या. बस. कोणलेच सांगू नका."

मी शपथ घेतली. आणि ती पाळली, मोठा शपथ पाळणारा.

गाव लहान. आठवड्यात बाजारभर झालं की मापाड्याने पटावर हात ठेवून खोटं सांगितलं. बुद्धिबळाचं बाजाराला काय, असं वाटेल. पण लोकांचं म्हणणं असं की चार लोकांसमोर, एका लाकडी हत्तीसाठी जो खोटं बोलतो तो काट्याशी काय करत असेल. पहिल्यांदा एका शेतकऱ्याने वाकून काटा पाहिला. मग व्यापारीही वाकू लागले. मग माप पुन्हा घ्या म्हणू लागले. मी एकदा तिथून जात होतो. त्यांनी 'लाभ' म्हणून आरोळी दिली आणि कोणीतरी पाठीमागून म्हणालं, "हात लागला का, आबा?" सगळा बाजार हसला. त्यांनी पुढचं माप टाकलं. मी छत्री उघडली आणि वाट बदलली.

लग्न झालं. वरपक्षाच्या कानावर खोटेपणाची गोष्ट गेली होती, त्यांनी तोंडं वाकडी केली, पण खोट्या बापाची मुलगी घरात आणता येते. मी लग्नाला गेलो होतो. आबांनी सगळ्यांना डाव्या हाताने अक्षता दिल्या. म्हातारीकोतारी कुजबुजली, की याला रीतभातही राहिली नाही.

महिन्याभरात त्यांनी घर विकलं, पैसे मुलीच्या सासरी दिले आणि नर्मदेच्या परिक्रमेला जातो म्हणून निघून गेले. गाव म्हणालं, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून गेला. मी धुळ्याला गेलो आणि पहिल्याच फेरीत हरलो. समोरच्याने मला हरवायला पाऊण तास घेतला.

पुढे क्लबात कोणी नवा माणूस आला की त्या हत्तीची गोष्ट निघायचीच. आणि सांगायला मलाच लावायचे, कारण डाव माझा. मी सांगायचो. 'आता सांगा, कोठे लागी ऱ्हायना' हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. लोकांना फार आवडायचं. त्यांनीच खोटा राहू द्या म्हटलं होतं ना, असं मी स्वतःला समजावत असे. पण नक्कल करा असं काही ते म्हणाले नव्हते.

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळत नव्हतं त्या साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी त्यांची मुलगी माझ्या दारात आली. मी ओळखलं नाही. उन्हाने रापलेली, अंगावर जुनं लुगडं. नवरा पायरीवर छत्री टेकवून उभा राहिला, आत आला नाही. आखाजीला आमच्याकडे सगळ्या मुली माहेरी येतात. हिला माहेरच नव्हतं.

तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. "काका, बाबा गयात," ती म्हणाली. परिक्रमेहून आलेल्या एका गोसाव्याने निरोप आणला होता, की नदीकाठी कुठल्याशा गावी तापाने गेले. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची असते, ती भरली की त्याला पाणी पोचतं. तिला भाऊ नाही, म्हणून तिनेच भरायची. पण सासरा अडून बसला होता.

"खोटा माणूसना नावनी घागर आमना घरमा नको, आसं म्हणतस," ती म्हणाली. "बारा वरीस मी आयकी ऱ्हायनू, काका. खोटानी पोर, खोटानी पोर. तुम्ही समोर बठेल व्हतात. नुसतं एवढं सांगा, का तुमनं देखानं चुकनं. हात लागना नई. हाई बाहेर उभा शेतस, यासनी आयकी घेतलं का मी घागर भरसू."

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता बघा, किती सोपं होतं. खरं सांगायचंच नव्हतं. तिलाही दोन मुली होत्या, तो रोग कोणाला कळण्याचं कारण नव्हतं. मी एवढंच म्हणायचं होतं की माझं चुकलं, मी जिंकण्यासाठी खोटं बोललो. ज्यांनी पाहिलं त्यातले मास्तर बदलून गेले होते, वकीलसाहेब वारले होते. शेठजींनी काही मला पकडलं नसतं. तिच्या बापाने तिच्यासाठी एका क्षणात आपला शब्द फुंकून टाकला होता. माझ्याकडे तिने तेवढंच मागितलं, तेही माझ्या ओट्यावर, दोन माणसांपुढे.

पण मी पेन्शनर. लोक अजून माझ्याकडून अर्ज लिहून नेत, माझ्या सहीला साक्षीला मान होता. हा मनुष्य उद्या शहाद्याच्या बाजारात सांगेल की तो म्हातारा कारकून स्वतःच्या तोंडाने खोटारडा ठरला. एवढं माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

"लागला होता, बाई," मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिला."

ती रडली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि नवऱ्याला म्हणाली, "चाला. नई भरस घागर." दोघं उन्हातून मोटारस्टँडकडे गेली. मोटार सुटायला अजून तास होता. मी तो तास ओट्यावर बसून काढला.

आखाजीच्या सकाळी आमच्या घरी घागरी मांडल्या, माझ्या वडिलांची, आईची, थोरल्या भावाची. मी बायकोला म्हणालो, आणखी एक भर. तिने भरली, वर खरबूज ठेवलं, आणि कुंकवाचं बोट घेऊन मला विचारलं, ही कोणाच्या नावाची? शेजारच्या बायका बसलेल्या होत्या. मी काही बोललो नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग खरबूज उचललं आणि पाणी परत रांजणात ओतलं.